आंबट वर्ज्य

मुलुंड (पूर्व),
२४ नोव्हेंबर २०२३

चि. मिहिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. बंगळूरला नीट पोचलास असं तुझ्या आईनं जोगेश्वरीहून फोन करून कळवलं. फोनवर माझ्याच्यानं हो आणि नाही यापलीकडे बोलणं होत नाही, म्हणून लिहिते. तू हॉस्टेलला असताना तुला लिहायला म्हणून तुझ्या काकांनी आंतरदेशीय पत्रं आणून ठेवली होती. त्यातली काही अजून खणात आहेत. वाया कशाला घालवायची?

तू गेल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. आमसुलं, चिंच, लिंबं, लोणच्याच्या दोन्ही बरण्या, सगळं समोरच्या विमलाताईंना देऊन टाकलं. ह्यांच्या कॅन्सरच्या गाठीच्या भोवती आंबटपणा असतो आणि त्याच्या जोरावर ती शेजारचं खात पुढे सरकते, हे तू पेपरच्या कडेला चित्र काढून दाखवलंस ना, तो तुकडा कापून फ्रिजवर लावला आहे. माझा भाऊ देवव्रत घाटकोपरहून रोज फोन करतो आणि आज काय रांधलं ते विचारतो. आंबट बंद करा हे त्या दिवशी त्यालाच पहिल्यांदा सुचलं, त्यामुळे आता तो स्वतःला निम्मा डॉक्टर समजतो.

तुझे काका मात्र छळतात. राजापूरच्या माणसाला आमसुलाशिवाय ठेवणं म्हणजे माशाला टॉवेलनं कोरडं करून ठेवणं, असं म्हणतात. आमटीचा चमचा वर धरून बघतात आणि ही आमटी कुणाच्या घरून आली असं विचारतात. मी लक्ष देत नाही. जेवण संपेपर्यंत समोर बसते, नाहीतर अर्धं ताटात टाकतात.

टोमॅटो चालतो का ते कळव. ताकाचं काय? गोड ताक चालत असेल तर तेवढीच त्यांची सोय होईल. पुढच्या महिन्यात तुमच्या मशीनमध्ये पुन्हा निजवणार आहात ना, त्यात माझ्या स्वयंपाकाचाही निकाल लागेल.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो उत्तर पाठवून टिकव.

तुझी,
वसुधाकाकू


बंगळूर,
१९ डिसेंबर २०२३

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लॅबमधल्या मुलांना आंतरदेशीय पत्र दाखवलं, दोघांनी तर ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

गेल्या आठवड्यात अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये माझ्या प्रबंधासाठी काकांचा दुसरा स्कॅन झाला. मी त्यासाठीच आलो होतो, पण लगेच परतीचं विमान होतं म्हणून मुलुंडला येणं जमलं नाही. रागावू नकोस. काका आमचे एक नंबरचे पेशंट आहेत, मशीनमध्ये इतके स्थिर राहतात की टेक्निशियननं दोनदा त्यांना झोप लागली का विचारलं. गाठ मांडीत आहे हेही आमच्या सोयीचं. छाती किंवा पोट श्वासाबरोबर हलतं आणि चित्र बिघडतं.

तू मागे विचारलं होतंस की सुई न टोचता आंबटपणा कसा कळतो. सीटी स्कॅनला शिरेतून जे औषध देतात तेच आम्ही एमआरआयला देतो. ते गाठीच्या भोवतीच्या पाण्यात उतरतं. त्या औषधातले हायड्रोजनचे कण आणि पाण्यातले कण सारखी जागा बदलत असतात. आजूबाजूला आंबटपणा जास्त असेल तर ही अदलाबदल मंदावते आणि मशीनला तो फरक दिसतो. मग प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. आकडा जेवढा खाली तेवढा आंबटपणा जास्त. निरोगी जागी तो सव्वासातच्या वर असतो.

काकांचा आकडा पहिल्या वेळी सहा पूर्णांक सहा होता, आता सहा पूर्णांक सात आला आहे. म्हणजे थोडा वर सरकला आहे. टोमॅटोचं वगैरे टेन्शन घेऊ नकोस, तुला जमेल तसं कर, पथ्यानं काही बिघडत नाही. काका तुझं कौतुक करत होते.

तुझीही तब्येत सांभाळ. तुझा लोभ मला लहानपणापासून जास्तच मिळाला आहे, तसाच राहू दे.

तुझा,
मिहिर


मुलुंड (पूर्व),
२० मे २०२४

चि. मिहिर यास,
आशीर्वाद.

तू चौदाव्याला संध्याकाळीच निघालास त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. आम्हाला मूल नाही, पण तू अग्नी दिलास, दहाव्याला, बाराव्याला बसलास, कशाला कमी पडला नाहीस. ते मी विसरणार नाही. घरात आता कुणी येत नाही. येऊन जाणारे येऊन गेले.

एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुलाच लिहू शकते. आजार तुझ्या विषयातला आहे.

ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात विमलाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी गेले नाही, म्हणून त्या वाटीभर कैरीची डाळ घेऊन दारात आल्या. मी दारातूनच परत केली. घरात आंबट आणत नाही असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असेल. ह्यांची कॉट बाहेरच्या खोलीत, त्यामुळे वास आत गेलाच. कैरी आहे का असं ह्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, पण तुम्हाला नाही. बरं म्हणाले. मग पंखा थोडा कमी करायला सांगितला. त्यांना थंडी वाजत नव्हती, हे मला नंतर कळलं. वास लवकर जाऊ नये म्हणून सांगितलं असणार.

त्यांचा आकडा वर सरकला असं तू कळवलं होतंस, म्हणून मी आणखी कडक झाले. संक्रांतीनंतर टोमॅटोही बंद केला. ताकही बंद केलं. आपण काहीतरी मिळवलं आहे असं मला वाटत होतं आणि ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

चौदाव्याच्या स्वयंपाकाला गुरुजींनी आमसुलाची चटणी सांगितली. मला ठाऊक होतं, सासूबाईंच्या वेळी मीच वाटली होती. तरी घरात आमसूल नाही हे त्या दिवशी सकाळी लक्षात आलं. विमलाताईंकडून आणलं. मीच दिलेलं होतं, त्यांनी वापरलं नव्हतं. म्हणजे इतक्या महिन्यांनी ह्यांच्या नावानं पहिलं आंबट वाढलं ते त्या पानात. तू पाटावर होतास. मी चटणी वाढायला वाकले तेव्हा तू खाली बघितलंस.

फेब्रुवारीत तिसरा स्कॅन झाला त्याचा आकडा तू कळवला नाहीस. मला एवढंच सांग, माझ्या पथ्यानं आंबटपणा खरंच कमी झाला होता का? झाला असेल तर ती वाटी परत केली हे बरोबर केलं असं मी मनाला सांगेन. मला तेवढं पुरेल.

लोभ असावा हे लिहायची गरज नाही. उत्तर मात्र पाठव.

काकू


बंगळूर,
११ जानेवारी २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

इतके महिने उत्तर दिलं नाही, खरंच सॉरी. प्रबंधाचं काम डोक्यावर होतं. बाबांकडून तुझी खुशाली कळत होती.

आता प्रबंध पूर्ण झाला आहे. सोबत काकांच्या तिसऱ्या स्कॅनची रंगीत प्रत पाठवतो. लाल भाग म्हणजे जास्त आंबट, निळा म्हणजे कमी. इतकं स्वच्छ चित्र आमच्याकडे दुसऱ्या कुणाचंच नाही. परीक्षकांनीही त्याचं नाव काढलं. चित्रावर कुणाचं नाव नसतं आणि काकांनी आधीच संमती दिलेली होती, तरी तुला सांगावंसं वाटलं. अर्पणपत्रिकेत मी काकांची आठवण आणि तुझी सेवा असं दोन्ही लिहिणार आहे. आशीर्वाद असावा.

तू आकड्यांबद्दल विचारलं होतंस. एकाच पेशंटवरून तसं काही सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी आकडा खाली आला होता, पण तेव्हा आजारही बराच पुढे गेला होता. या सगळ्यात खूप गोष्टी गुंतलेल्या असतात. तू जे केलंस ते मनापासून केलंस, त्याबद्दल शंका आणू नकोस.

चैत्रात वर्षश्राद्धाला येतोच आहे. तिथी गुरुजींकडून काढून घे, रजा टाकायला बरं पडेल. तुझा लोभ मी गृहीत धरतो, मला ती लहानपणापासूनची वाईट सवय आहे.

तुझा,
मिहिर


मुलुंड (पूर्व),
२० जानेवारी २०२५

चि. मिहिर यास,
आशीर्वाद.

प्रबंध पूर्ण झाला, आनंद झाला. काकांनी पेढे वाटले असते.

पाकिटावर तू सौ. वसुधा असं लिहिलंस. हाताला सवय असते.

चित्र पाहिलं. मला त्यात मांडी ओळखू आली नाही. पहिल्यांदा वाटलं नकाशा आहे.

मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. पालकांना नाही म्हणायचं नसलं की आमच्या मुख्याध्यापिका खूप गोष्टी गुंतलेल्या आहेत असं म्हणायच्या. त्यामुळे मला ते वाक्य ओळखता येतं. आंबट खाल्ल्यानं गाठीतला आंबटपणा वाढतो का आणि न खाल्ल्यानं कमी होतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. हो किंवा नाही असं लिही. मी फोनवर बोलते तेवढंच.

दिवाळीत देवव्रतनं आंबट बंद करा म्हटलं तेव्हा तू हसलास आणि चकली घेतलीस. आमच्या घरात शिकलेला तू. तुझं हसणं म्हणजे हो, असं आम्ही धरलं.

काकू


बंगळूर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

नाही.

खाण्यानं रक्ताचासुद्धा आंबटपणा बदलत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो जागच्या जागी धरून ठेवतात. गाठीभोवतीचा आंबटपणा गाठ स्वतःच तयार करते, साखर जाळून. आमसूल, लिंबू, कैरी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्या वेळी जो फरक आला तो इतका लहान होता की तोच माणूस त्याच दिवशी पुन्हा तपासला तरी तेवढा इकडेतिकडे होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुला बरं वाटेल म्हणून आकडा कळवला.

पण काकू, हे माझ्या एकट्याचं नव्हतं. दुसऱ्या स्कॅनच्या आधी काका कपडे बदलून बसले होते तेव्हा त्यांनीच मला विचारलं होतं, की बाबा रे, या अळणी जगण्याचा काही उपयोग आहे का. मी सरळ नाही म्हणून सांगितलं, आणि घरी फोन करून तुला समजावतो असंही म्हटलं. त्यांनी थांबवलं. ती रडत नाही, बोलत नाही, भांडी घासते, असं म्हणाले. तिच्या हाताला हे एक काम मिळालं आहे, ते काढून घेतलंस तर ती दिवसभर माझ्याकडे नुसती बघत बसेल आणि ते मला सोसणार नाही. असं ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ही माझं जेवण होईस्तोवर समोर बसते, असंही म्हणाले आणि हसले.

त्या दिवशी आणि फेब्रुवारीतही, स्कॅन झाल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कोकम सरबत प्यायलो. काकांनी दोन्ही वेळा दोन-दोन ग्लास घेतले. घरी जायच्या आधी त्यांनी चूळ भरली, तुला वास येऊ नये म्हणून. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. त्यांनी शब्द घेतला होता म्हणून मी गप्प राहिलो. चौदाव्याला तू चटणी वाढलीस तेव्हा मला सांगायचं होतं, पण समोर इतकी माणसं होती.

तुझ्या पथ्यानं त्यांचं काही बिघडलं नाही, हे मात्र खरं आहे. रागावली असशील तर रागव, पण तुटक लिहू नकोस.

तुझा,
मिहिर


मुलुंड (पूर्व),
३ मार्च २०२५

चि. मिहिर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आंतरदेशीय संपली, म्हणून साध्या कागदावर लिहिते.

तू खरं लिहिलंस. मी मागितलं होतं, तू दिलंस, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही बिघडलं नाही असं जे शेवटी लिहिलंस ते पटत नाही. गाठीचं बिघडलं नसेल. काहीही खाल्लं तरी ती वाढणारच होती. ती कैरीची डाळ मात्र त्या एकाच दिवसाची होती.

तुम्हा दोघांना मला काम द्यायचं होतं. लहान मुलाला गप्प बसवायला तांदूळ निवडायला देतात तसं. मी चव घेऊन बघत होते की भाजीला चुकून टोमॅटोचं पाणी तर लागलं नाही ना, आणि तुम्ही कँटीनमध्ये बसला होतात. त्या सरबताचा मला राग नाही. त्यांना मिळालं हे बरं झालं, हे मी दहा वेळा मनाशी म्हणून बघितलं आणि दहाही वेळा ते खरं आहे. राग चूळ भरण्याचा आहे. माझ्यापासून लपवून त्यांना सरबत प्यावं लागलं. तेही नंतर संपलं, कारण मार्चपासून ते घराबाहेर पडले नाहीत. त्यानंतर त्यांच्या तोंडात गेलं ते फक्त माझ्या हातचं. तरी त्यांनी सांगितलं नाही. कैरीचा वास आला तेव्हा बरं म्हणाले. एक शब्द बोलले असते तर मी जिन्यात जाऊन वाटी परत आणली असती.

मी नुसती बघत बसेन अशी त्यांना भीती होती. बसले असते. त्यात एवढं काय वाईट होतं ते मला अजून कळत नाही. आता विचारायलाही ते नाहीत, म्हणून तुला विचारते. पण याचं उत्तर तुझ्या विषयात नसणार.

फ्रिजवरचा तो पेपरचा तुकडा काढला. तुझं रंगीत चित्र सोबत परत पाठवते. अर्पणपत्रिकेत काकांचं नाव जरूर घाल, ते तुझ्यासाठी न हलता पडून राहिले होते. माझ्या सेवेचा उल्लेख करू नकोस. ती कशासाठी होती हे लिहावं लागेल, आणि ते तुझ्या परीक्षकांना कळणार नाही.

काल आमसूल आणलं. स्टेशनजवळच्या कोकणातल्या वस्तूंच्या दुकानातून. एकटीला पुरेल एवढं सार केलं, वर जिऱ्याची फोडणी दिली. चांगलं झालं होतं. मी दोन वाट्या प्यायले आणि चांगलं लागलं याचाच मला संताप आला.

वर्षश्राद्धाची तिथी काढून घेतली, ती तुझ्या बाबांना कळवली आहे. गुरुजींना एक गोष्ट विचारली. मुलगा नसेल तर पुतण्यानंच करायला हवं असं नाही, पत्नीनं केलं तरी चालतं असं ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, पण म्हणाले. तेव्हा या वेळी पाटावर मी बसणार आहे. पिंड मी ठेवीन. तुला दर्भ बांधायचं कारण नाही.

तू ये. पाहुणा म्हणून ये आणि पंगतीला बस. आमसुलाची चटणी मी आदल्या दिवशी वाटून ठेवीन, ती मुरल्यावर बरी लागते. तुझ्या पानात वाढीन, मग पुन्हा वाढायला येईन. तेव्हा नको म्हणू नकोस आणि जेवून उठल्यावर चूळ भरायला घाई करू नकोस.

लोभ होता, आणि आहेही. वाढावा असं मात्र आज लिहवत नाही.

वसुधा